‘चेक’ या शब्दातला राजा

आमच्या घरी बुद्धिबळाच्या पटावर दोन भाषा ऐकू येतात. माझे वडील समोरच्या राजावर मारा आणला की ‘शह’ म्हणतात, आणि शिकवणीत खेळ शिकलेली माझी मुलगी त्याच प्रसंगी ‘चेक’ म्हणते. मध्यंतरी तिने डाव थांबवून विचारले, “आबा, शहाला इंग्रजीत चेक का म्हणतात?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधताना माझ्या हाती आले ते भाषांतर नव्हतेच. ‘चेक’ हा ‘शह’ या शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द नाही; तो तोच शब्द आहे. एकच फारसी शब्द पूर्वेच्या वाटेने थेट मराठीत आला आणि पश्चिमेच्या वाटेने अरबी, लॅटिन, फ्रेंच अशी मजल दरमजल करीत इंग्रजीत पोहोचला. बँकेत वटवायचा चेक, चौकड्यांच्या शर्टाचे चेक्स, डॉक्टरांकडचे चेकअप, विमानतळावरचे चेक-इन आणि रस्त्यावरचा चेकनाका हे सगळे त्याच शब्दाचे वंशज आहेत. वरवर पाहता या अर्थांचा एकमेकांशी काडीचाही संबंध दिसत नाही. तो कसा जुळतो, हे क्रमाने पाहू.

मूळ शब्द फारसीतला ‘शाह’, म्हणजे राजा. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा सैन्याच्या चार अंगांवरून नाव पडलेला आपला चतुरंग हा खेळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास इराणच्या सासानी राजवटीत रुजला. तेथे त्याचे नाव ‘चत्रंग’ झाले, आणि सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर त्यांच्या उच्चारात ते ‘शतरंज’ झाले. या खेळात राजाला एक वेगळाच मान आहे. इतर मोहरी मारली जातात आणि पटाबाहेर जातात. राजा मात्र कधीच मारला जात नाही, तो फक्त कोंडला जातो. त्यामुळे त्याच्यावर मारा आणणाऱ्याने प्रतिपक्षाला सावध करण्यासाठी ‘शाह!’ असे मोठ्याने म्हणायचे, अशी रीत पडली. त्याचा अर्थ ‘तुमचा राजा सांभाळा’ इतकाच होता. परंतु तो शब्द दर वेळी त्याच प्रसंगी उच्चारला जात असल्यामुळे राजाचे नाव हळूहळू राजावरच्या माऱ्याचे नाव बनले. पुढच्या सगळ्या अर्थांचे बीज याच पहिल्या बदलात आहे.

याच खेळातला दुसरा शब्द ‘मात’. फारसीत ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला, त्याला सुटकेची वाट उरली नाही. अरबीत ‘मात’ म्हणजे ‘मेला’, आणि त्यामुळे ‘राजा मेला’ असा या शब्दांचा अर्थ अनेक ठिकाणी सांगितला जातो. मला फारसी अर्थच अधिक सयुक्तिक वाटतो, कारण खेळाच्या नियमाशी तोच जुळतो: पटावरचा राजा मरत नाही, अगतिक होतो. इंग्रजीतला ‘चेकमेट’ म्हणजे हेच दोन शब्द एकत्र जोडलेले. मराठीत आपण संकटावर ‘मात करतो’, तेव्हा त्या ‘मेट’चे सख्खे भावंड वापरत असतो.

आता उच्चाराकडे वळू, कारण ‘शाह’चा ‘चेक’ झाला हे ऐकताना कोणालाही शंका येईल. अरबांबरोबर हा खेळ स्पेन आणि इटलीच्या बाजूने युरोपात शिरला आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मठांमध्ये तो माहीत झालेला होता. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘शाह’चे रूप ‘स्काकुस’ झाले. ‘श’च्या जागी ‘स्क’ आला आणि शेवटचा ‘ह’ ‘क’मध्ये बदलला. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये येताना दोन गोष्टी घडल्या. आरंभीच्या जोडाक्षराआधी एक स्वर आला, आपल्याकडे स्टेशनचे ‘इस्टेशन’ आणि स्कूलचे ‘इस्कूल’ होते अगदी तसा. आणि मधल्या ‘क’चा ‘च’ झाला. यातून ‘एस्चेक’च्या जवळ जाणारे रूप तयार झाले. इंग्रजांनी ते घेताना आरंभीचा भाग गाळला आणि ‘चेक’ उरला. ‘चेस’ हे खेळाचे इंग्रजी नावही वेगळे नाही. लॅटिनमध्ये सोंगट्यांना अनेकवचनात ‘स्काकी’ म्हणत, त्याच्या फ्रेंच रूपातून ‘चेस’ आला. म्हणजे शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले तर ‘चेस’ हे ‘चेक’चेच अनेकवचन आहे, आणि दोघांच्याही पोटात ‘शाह’ आहे.

चौदाव्या शतकापर्यंत हा शब्द इंग्रजीत चांगलाच स्थिरावला होता. चॉसर या कवीच्या एका शोककाव्यात दैव हेच प्रतिस्पर्धी होऊन नायकाशी बुद्धिबळ खेळते, आणि पटाच्या मधोमध त्याला ‘चेक’ आणि ‘मेट’ देते. त्याच ओळींत पटासाठी ‘चेकर’ हा शब्दही येतो. तिन्ही शब्द एकाच ठिकाणी नांदताना दिसावेत, असे हे उदाहरण आहे.

शह बसला की डाव क्षणभर अडतो. मनात योजलेली चाल बाजूला ठेवावी लागते आणि आधी राजाची सोय पाहावी लागते. या अनुभवातूनच ‘चेक’ला पटाबाहेरचा पहिला अर्थ मिळाला, तो म्हणजे अचानक झालेला अडथळा, खीळ. मग अडथळा आणण्याची क्रिया, आवर, लगाम हे अर्थ आले. रागाला, खर्चाला किंवा शत्रूच्या सैन्याला ‘चेक’मध्ये ठेवणे म्हणजे हाताबाहेर जाऊ न देणे. सतराव्या शतकाच्या अखेरीस यात आणखी एक छटा मिसळली. हाताबाहेर जाऊ द्यायचे नसेल तर लक्ष ठेवायला हवे, आणि लक्ष ठेवायचे तर एका गोष्टीची दुसरीशी तुलना करून पाहायला हवी. नोंद आणि वस्तू जुळतात का, प्रत आणि मूळ जुळते का, हे पाहणे म्हणजे ‘चेक’ करणे. आज आपण दिवसातून अनेकदा ‘जरा चेक कर’ म्हणतो, तो हाच अर्थ. राजावरच्या माऱ्यापासून पडताळणीपर्यंतचे हे अंतर खूप वाटते, पण ते कोणी एका उडीत कापलेले नाही. मारा, अडथळा, आवर, लक्ष, पडताळा असे एकेक पाऊल पडत गेले आणि प्रत्येक पाऊल त्या त्या काळच्या बोलणाऱ्यांना साहजिक वाटले.

इथून एक फांदी वेगळी फुटते, आणि मला या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग तोच वाटतो. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द होता, त्याच्यावरून इंग्लंडच्या राजकोषाला ‘एक्सचेकर’ हे नाव पडले. बाराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या काळात, हे खाते आकाराला आले. त्याचा कारभार कसा चाले याचे तपशीलवार वर्णन रिचर्ड फिट्झनील या राजाच्या कोषाध्यक्षानेच 1170 च्या दशकाच्या अखेरीस गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहून ठेवले आहे. तो सांगतो की एक्सचेकर म्हणजे सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे मेज. त्याच्या चारही कडांना चार बोटे उंचीची पट्टी असे, म्हणजे वर ठेवलेले काही खाली पडू नये. त्यावर दरवर्षी ईस्टरच्या सुमारास विकत घेतलेले काळे कापड अंथरत, आणि त्या कापडावर एक फूट किंवा वीतभर अंतरावर रेघा आखलेल्या असत. या रेघांमधल्या घरांत हिशेबाच्या सोंगट्या मांडल्या जात.

एवढा खटाटोप का, हे समजण्यासाठी त्या काळचे नाणे आणि आकडे लक्षात घ्यावे लागतात. 12 पेन्सचा एक शिलिंग आणि 20 शिलिंगांचा एक पौंड. आण्या-पैंचा हिशेब केलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांना ही तऱ्हा परकी वाटली नसती. त्यातून आकडे रोमन पद्धतीचे, ज्यांत स्थानानुसार किंमत नाही आणि शून्यही नाही. अशा आकड्यांनी कागदावर वजाबाकी करणे हे महाकठीण काम. मेजावर मात्र ते सोपे होई. उजवीकडून पहिला रकाना पेन्सचा, मग शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग विसांचा, मग शेकड्यांचा, मग हजारांचा. एखाद्या परगण्याच्या शेरीफाकडून, म्हणजे राजाच्या वतीने वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, 246 पौंड येणे असतील, तर शेकड्यांच्या घरात दोन, विसांच्या घरात दोन आणि पौंडांच्या घरात सहा सोंगट्या ठेवायच्या. त्याने भरलेली रक्कम खालच्या ओळीत मांडायची आणि वरून तितक्या सोंगट्या उचलायच्या. जे घर रिकामे राहील तेथे काही बाकी नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्यालाही आपल्याकडे किती निघतात हे समोर दिसत असे, आणि भर दरबारात सगळ्यांच्या देखत मांडलेल्या त्या हिशेबावर मागाहून वाद घालणे सोपे नव्हते.

शिष्य विचारतो की या जागेला हे नाव का, तेव्हा गुरू दोन कारणे देतो. एक म्हणजे मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. दुसरे म्हणजे पटावर जशी दोन राजांची लढाई होते, तशी येथे कोषाध्यक्ष आणि शेरीफ यांची लढाई चालते आणि बाकीचे पंचासारखे बसून पाहतात. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याने आपल्या रोजच्या कामाबद्दल असे लिहावे, याचे मला फार अप्रूप वाटते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. काळे कापड आणि सोंगट्या केव्हाच गेल्या, पण पट त्या पदनामात शिल्लक आहे. त्या लढाईतला दुसरा गडी, म्हणजे शेरीफ, तर ब्रिटिशांबरोबर मुंबईतही आला. मुंबईचे नगरपाल हे मानाचे पद त्याच नावाचे.

याच राजकोषात पावतीची एक पद्धत होती. पैसे भरले की लाकडाच्या एका कांबीवर रकमेप्रमाणे लहानमोठ्या खाचा पाडत आणि मग ती कांब उभी चिरत. एक भाग भरणाऱ्याकडे, दुसरा कोषाकडे. पुढे कधी शंका आली तर दोन्ही भाग एकमेकांना जोडून पाहायचे. खाचा जुळल्या तर व्यवहार खरा. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली, आणि साठलेल्या जुन्या कांबी भट्टीत जाळताना 16 ऑक्टोबर 1834 रोजी लागलेल्या आगीत ब्रिटिश संसदेची जुनी इमारत भस्मसात झाली. दोन अर्धे ठेवून एकावरून दुसरे तपासण्याची ही कल्पना बँकेच्या चेकच्या जन्माशी जवळची आहे, म्हणून तिचा उल्लेख केला.

बँकेच्या चेकबद्दल एक समजूत सर्रास आढळते, ती म्हणजे तो शब्द थेट ‘एक्सचेकर’वरून आला. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणत ते मुख्य कागदाला नव्हे, तर त्याच्या स्थळप्रतीला. चेकबुकात आपण जो अरुंद तुकडा मागे ठेवतो आणि ज्याच्यावर तारीख, नाव व रक्कम टिपून ठेवतो, तो मूळचा चेक. त्याच्यावरून मुख्य कागदाची पडताळणी करता येई, रकमेत कोणी फेरफार केला तर तो उघडकीला येई, म्हणून त्याचे हे नाव. कालांतराने स्थळप्रतीचे नाव तिच्यापासून फाडलेल्या कागदाला चिकटले आणि स्थळप्रतीला दुसरे नाव शोधावे लागले. इंग्लंडमध्ये या शब्दाच्या लेखनावर मात्र ‘एक्सचेकर’ची छाप पडली आणि त्याच्या शेवटी ‘क्यू’ आले. अमेरिकेत साधे लेखनच कायम राहिले. आपण इंग्रजांकडून बँकव्यवहार घेतला, म्हणून आपल्या चेकबुकावर ब्रिटिश स्पेलिंग छापलेले असते. मराठीत त्याला ‘धनादेश’ हा चांगला शब्द आहे, वर्तमानपत्रांत तो नेमाने वापरला जातो, आणि तरीही बोलताना आपला ‘चेक वटतो’. हुंडीच्या काळापासूनच्या या ‘वटणे’ क्रियापदाने परका कागद घरचा करून टाकला आहे.

पडताळणीच्या अर्थातून पुढे कितीतरी व्यवहारांची नावे निघाली. सामान जमा करताना त्याच्याबद्दल जो बिल्ला मिळे त्याला इंग्रजीत चेक म्हणू लागले, कारण परत घेताना बिल्ला आणि सामान जुळवून पाहायचे असे. विमानतळावरचे आणि हॉटेलातले ‘चेक-इन’ही पडताळणीच्याच अर्थातले. अमेरिकेत खानावळीच्या बिलाला चेक म्हणतात. तेथे नव्याने गेलेल्या आपल्या मंडळींना वाढपी ‘चेक आणू का’ असे विचारतो, तेव्हा क्षणभर बँक आठवते. यादीतल्या नावापुढे केलेली बरोबरची खूण तेथे चेक, आणि घटनेच्या चर्चेत एका सत्तेने दुसरीवर ठेवलेला अंकुश तोही चेक. 1787 च्या अमेरिकी राज्यघटनेचे वर्णन करताना हटकून वापरला जाणारा ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हा शब्दप्रयोग आपण ‘नियंत्रण आणि संतुलन’ असा आणला आहे. विधिमंडळाने सरकारला, न्यायालयाने विधिमंडळाला वेळ पडल्यास ‘राजा सांभाळा’ असे म्हणावे, हा त्या शब्दाचा मूळ भाव ध्यानात घेतला की ती कल्पना अधिक स्पष्ट होते.

कापडावरच्या चेक्सची वाट त्या मानाने सरळ आहे. तेथे मारा नाही, अडथळा नाही. पटाच्या घरांसारखे दिसणारे कापड, एवढेच. ‘चेकर’ म्हणजे पट, म्हणून चौकडीची नक्षी ती चेकरची, आणि तिचे लघुरूप चेक. मोटारींच्या शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळ्यापांढऱ्या चौकोनांचा झेंडाही याच घराण्यातला.

मराठीत मात्र हा शब्द दोनदा आला, आणि दोन्ही वेळा वेगळ्या वेशात. पहिल्यांदा तो फारसीबरोबर आला. बहमनी आणि त्यानंतरच्या निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही यांच्या शतकांत दरबाराची, महसुलाची आणि खेळाचीही पुष्कळ भाषा फारसीतून मराठीत उतरली. बुद्धिबळातले वजीर आणि प्यादे त्यांतलेच, आणि शह-मातही. ‘शह’ पटावरून राजकारणात गेला आणि ‘शह-काटशह’ झाला. निवडणुकीच्या दिवसांत तो मथळ्यांत सतत भेटतो. ‘शाह’चाच ‘शाही’ हा प्रत्यय लावून आपण हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही हे शब्द घडवले. लोकशाही हाही तसाच घडला. राजाच्या नावाला ‘लोक’ जोडून राजा नसलेल्या राज्यव्यवस्थेचे नाव आपण तयार केले आहे, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

दुसऱ्यांदा तो इंग्रजीबरोबर ‘चेक’ होऊन आला आणि मराठी शब्दांच्या शेजारी निःसंकोच बसला. मुंबई आणि ठाणे यांच्या सीमेवर मुलुंडला जकातीसाठी गाड्या थांबवत. 1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा मुंबईची जकात संपली, पण रिक्षावाल्याला आजही ‘चेकनाका’ एवढेच सांगितले तरी पुरते. थांबवणे आणि तपासणे, हे ‘चेक’चे दोन्ही जुने अर्थ त्या नाक्यावर एकाच वेळी प्रत्यक्षात उतरत होते. युरोपातल्या चेक प्रजासत्ताकाचा मात्र या कुळाशी संबंध नाही. ते नाव तेथील लोकांच्या स्वतःच्या भाषेतले आहे आणि देवनागरीत दोन्ही शब्द सारखे दिसतात हा निव्वळ योगायोग आहे.

‘शाह’च्याही मागे जायचे झाले, तर वाट पुन्हा आपल्या ओळखीच्या प्रदेशात येते. इराणातल्या बेहिस्तून येथील कड्यावर दारयवहु या सम्राटाने इसवी सनपूर्व 520 च्या सुमारास जो लेख कोरवला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणवतो, म्हणजे राजांचा राजा. ‘ख्शायथिय’ हे ‘शाह’चे जुने रूप. शेवटचे ‘आनाम्’ संस्कृतातल्या ‘देवानाम्’सारखेच षष्ठीचे अनेकवचन आहे, हे शाळेत शब्दरूपे पाठ केलेल्या कोणाच्याही लक्षात येईल. त्या राजवाचक शब्दाचा धातू संस्कृतातल्या ‘क्षयति’, म्हणजे राज्य करतो, याच्याशी सगोत्र आहे. त्याच मुळातून ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द निघाले. जुन्या इराणी भाषेत ‘क्षत्र’ला जो जुळा शब्द होता, त्याचा अर्थ राज्य; फारसीत त्याचा ‘शहर’ झाला आणि राज्यावरून नगरापर्यंत अर्थ आकसत जाऊन तोच आपला रोजचा शब्द बनला. राज्य राखणारा तो ‘क्षत्रप’, हाही इराणकडून आलेला.

हा शेवटचा शब्द पाहायचा असेल तर नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जावे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत या भागावर क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची सत्ता होती आणि त्याचा जावई उषवदात याने तेथे दानाचा लेख कोरवला आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले: 2000 दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1000 पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. हिशेब जुळवून पाहिला तर तो चोख आहे. 2000 वर दरमहा 20, वर्षाचे 240, म्हणजे नेमके वीस वेळा बारा. मूळ रक्कम परत काढायची नाही, असेही बजावलेले आहे. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला व रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असे लेखाच्या शेवटी सांगितले आहे.